दुसरं नाव

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. फर्स्ट इयरला ॲडमिशन घेऊन आम्ही नुकत्याच हॉस्टेलवर आलो होतो. कोणाची रूम कुठली आणि मेसची भाजी कुठल्या वारी खाण्यालायक असते, एवढंच ज्ञान प्राप्त झालं होतं. तिकडे चीनमध्ये हांगचौला एशियन गेम्स चालू होते. त्या दिवशी हॉकीत भारताने पाकिस्तानला १०-२ असं धुतलं आणि कॉमन रूममध्ये जो काही आरडाओरडा झाला, तो थांबवायला वॉर्डन मॅडमना स्वतः खाली यावं लागलं!

पण त्याच दिवशी, हॉकीच्या आधी, त्याच टीव्हीवर आणखी एक फायनल झाली होती. टेनिसची, मिक्स्ड डबल्स. तेव्हा कॉमन रूममध्ये आम्ही मोजून चार जणी. एक मोबाईलमध्ये, एक पंख्याखाली केस वाळवत बसलेली. आपली जोडी पहिला सेट २-६ हरली. केस वाळवणारीने विचारलं, ‘‘बोपण्णाबरोबर ती कोण गं?’’

मोबाईलवालीने मान वर न करता सांगितलं, ‘‘असेल कोणीतरी.’’

ती ‘कोणीतरी’ म्हणजे ऋतुजा भोसले. आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) श्रीरामपूरची. १९९६ चा जन्म. त्या दिवशी तिने आणि रोहन बोपण्णाने दुसरा सेट ६-३ असा घेतला, मग निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकला आणि तैवानच्या जोडीला हरवून सुवर्णपदक मिळवलं. हांगचौला टेनिसमध्ये भारताला मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये याचा विषय निघाला तेव्हा वाक्य होतं, ‘‘बोपण्णाला गोल्ड मिळालं.’’

बोपण्णाबद्दल माझी काहीच तक्रार नाही हं. माणूस तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्यानंतर चारच महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगात पहिला नंबरही मिळवला. त्याचं कौतुक करावं तेवढं कमीच. माझी तक्रार आहे ती ‘असेल कोणीतरी’बद्दल. आणि खरं सांगायचं तर स्वतःबद्दलही. कारण त्या चार जणींत मी होते, मला ते नाव माहीत होतं, आणि मी बोलले नाही. नवीन ठिकाणी उगाच शहाणपणा कशाला, म्हणून गप्प बसले.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. खेळातलं करिअर म्हटलं की आपण फक्त पहिलं नाव वाचतो. पहिला नंबर, पहिलं पदक, पोस्टरवरचा फोटो. त्याच्या खाली जी शंभर-दोनशे-चारशे नावं असतात, ज्यांच्या जिवावर तो सगळा खेळ वर्षभर चालतो, त्यांच्या करिअरला आपण करिअर म्हणतच नाही. ‘जमलं नाही बिचारीला’ म्हणतो. आणि असं म्हणणारे आपण कोण? तर प्रत्येक सेमिस्टरला ‘क्लासमध्ये पहिला कोण आला यावर माणसाची किंमत ठरते का?’ असा प्रश्न एकमेकांना विचारणारे!

आमच्या डिपार्टमेंटमध्ये टेनिसचा विषय निघाला की सरांच्या तोंडी हमखास एक नाव येतं, स्टेफी ग्राफ. सरांच्या पिढीची ती देवताच. २२ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं, एकूण ३७७ आठवडे जगात पहिला नंबर आणि १९८८ साली तर चारही ग्रँड स्लॅम अधिक सोल ऑलिंपिकचं सुवर्ण, सगळं एकाच वर्षात. व्हीलचेअर टेनिस सोडलं तर असं पुन्हा एकेरीत कोणत्याही बाईला किंवा पुरुषाला जमलेलं नाही. आता बोला!

पण स्टेफीचं करिअर वाचून टेनिसपटू कसं जगतात ते कळत नाही. युनिव्हर्सिटी टॉपरची मुलाखत वाचून एम-थ्रीचा पेपर कसा असतो हे कळतं का? नाही ना? तसंच.

त्यापेक्षा त्याच जर्मनीतली दुसरी एक बाई बघा. तात्याना मारिया. १९८७ चा जन्म. विशीत असताना, २००८ साली, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकल्यामुळे तिच्या जिवावर बेतलं होतं. त्यातून ती उठली आणि परत खेळायला लागली. २०१३ साली पहिली मुलगी झाली. त्यानंतर परत आली ती चक्क बॅकहँड बदलून! दोन हातांनी मारायची तो एका हाताने मारायला लागली. व्यावसायिक खेळाडूने ऐन करिअरमध्ये बॅकहँड बदलणं म्हणजे फायनल इयरला ब्रँच बदलण्यासारखं आहे. डब्ल्यू.टी.ए. स्पर्धेचं एकेरीतलं पहिलं विजेतेपद तिला मिळालं २०१८ मध्ये, मायोर्काला, वयाच्या तिसाव्या वर्षी. २०२१ मध्ये दुसरी मुलगी झाली. २०२२ मध्ये, जागतिक क्रमवारीत १०३ वा नंबर असताना, ती विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचली. आणि जून २०२५ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर, पात्रता फेरीपासून एकेक मॅच जिंकत, अख्खी स्पर्धा जिंकली. वय वर्षं ३७!

नवरा कोच, दोन मुली बरोबर आणि आज या देशात तर पुढच्या आठवड्यात त्या देशात, असा संसार. स्टेफी ज्या वयात निवृत्त झाली त्या वयात, म्हणजे तिशीला, हिचं खरं करिअर सुरू झालं. ही कधी पहिल्या नंबरवर नव्हती. पण टेनिस हा पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून कसा करतात, हे समजून घ्यायचं असेल तर मला स्टेफीपेक्षा हिची गोष्ट जास्त उपयोगी वाटते.

आता तो व्यवसाय चालतो कसा ते बघू. आपण इंजिनियर लोक, मेकॅनिझम कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ जणी असतात. त्यात १६ जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांना आणि ८ वाइल्ड कार्डला. म्हणजे थेट प्रवेश उरला साधारण १०४ जणींना. म्हणून टेनिसमध्ये ‘टॉप हंड्रेड’ला एवढं महत्त्व. त्या रेषेच्या वर असाल तर वर्षातून चार वेळा पहिल्या फेरीत हरलात तरी वर्षाचा खर्च निघतो. रेषेच्या खाली असाल तर तुमचं जग वेगळं. तुमचं जग म्हणजे आय.टी.एफ.च्या स्पर्धा. त्यांची सगळ्यात खालची पायरी डब्ल्यू १५, म्हणजे सगळ्यांना मिळून एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. ऐकायला बरं वाटतं. पण ते एकेरीच्या ३२ जणी आणि दुहेरीच्या १६ जोड्यांत वाटलं जातं. जिंकणारीच्या हातात येतात साधारण दोन-सव्वादोन हजार डॉलर. पहिल्याच फेरीत हरलात तर दीडशेच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. त्यात विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटचं स्ट्रिंगिंग, सगळं तुमचं तुम्ही बघायचं. कोचला बरोबर नेलं तर त्याचंही तुम्हीच. दुहेरीत तर मिळालेल्या रकमेचे आणखी दोन भाग.

आणि रँकिंगची गंमत ऐका. पॉइंट्स धरले जातात फक्त गेल्या ५२ आठवड्यांचे. डब्ल्यू १५ जिंकली तर १५ पॉइंट्स, ग्रँड स्लॅम जिंकली तर २०००. पण दोन्हीची एक्सपायरी डेट सारखीच. वर्ष झालं की गेले! समजा, आपला गेल्या वर्षीचा सी.जी. दर वर्षी पुसला गेला आणि ‘पुन्हा मिळवून दाखव’ असं सांगितलं तर? आपण मोर्चा काढू. टेनिसमध्ये हे दर सोमवारी होतं. तुम्ही आजारी असा, पाय मुरगळलेला असो, नाहीतर घरी कोणाचं लग्न असो.

या यंत्रात दोनशेव्या, तीनशेव्या नंबरावर पाच-सात-दहा वर्षं टिकून राहणं याला ‘जमलं नाही’ म्हणायचं? मला तर वाटतं, याच्याइतकं कठीण जमवणं दुसरं नाही.

ऋतुजा भोसलेचं करिअर या रेषेखालच्या जगातलं आहे. पण तिच्या रस्त्यात एक वळण असं आहे की ते आपल्यासारख्या कॉलेजवाल्यांनी मुद्दाम बघावं. ज्युनियर टेनिस संपल्यावर ती अमेरिकेला टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत शिकायला गेली आणि त्यांच्या संघातून कॉलेज टेनिस खेळली. शिक्षण झाल्यावर पुन्हा व्यावसायिक टेनिसमध्ये आली. २०२० च्या मार्चमध्ये दुबईला भारतीय महिला संघ फेड कपच्या प्ले-ऑफसाठी पहिल्यांदाच पात्र ठरला, त्या संघात ती होती. आणि मग हांगचौचं सुवर्ण.

आपल्याकडे हे वाचल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘‘म्हणजे अभ्यास आणि खेळ दोन्ही? कसं शक्य आहे?’’ शक्य आहे, कारण तिकडे ते शक्य करणारे नियम आहेत. अमेरिकेत कॉलेजचे खेळ एन.सी.ए.ए. ही संस्था चालवते. तिचा नियम असा की सीझन चालू असताना खेळाडूकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सराव आणि स्पर्धा करून घ्यायची, त्याहून जास्त नाही. उलट बाजूने, अभ्यासात ठरलेल्या किमतीच्या खाली ग्रेड गेली तर खेळायला बंदी. म्हणजे कोचने अभ्यास खाऊन टाकायचा नाही आणि खेळाडूने अभ्यास टाळायचा नाही. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण निदान ‘दोन्ही करणारी मुलगी’ हा प्राणी त्यांच्या नियमात अस्तित्वात आहे.

आपल्या नियमात आहे का?

दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. खेळ म्हणजे टक्केवारी वाढवायचं साधन. गुण मिळाले, ॲडमिशन झाली, रॅकेट माळ्यावर! माझीही रॅकेट माळ्यावरच आहे. मी नाशिकला शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत खेळायचे. नववीचा रिझल्ट लागला त्या दिवशी घरी काही भांडण झालं नाही, कोणी रडलं नाही, कोणी जबरदस्तीही केली नाही. बाबा फक्त म्हणाले, ‘‘एक वर्ष थांबू या का? दहावी होऊन जाऊ दे.’’ मी म्हटलं, ‘‘चालेल.’’ मग अकरावी आली, सी.ई.टी.चे क्लास आले आणि ते एक वर्ष काही संपलं नाही.

बाबांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. तो दीडशे डॉलरचा हिशोब माझ्यापेक्षा त्यांना आधी कळला होता. टेनिस हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, हा आक्षेप खोटा नाही. मुंबईत तर तो डोळ्यांनी दिसतो. मोठ्या स्पर्धा होणार चर्चगेटला, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर. तिथेच २०१७ साली मुंबई ओपन ही डब्ल्यू.टी.ए. मालिकेतली स्पर्धा एका १९ वर्षांच्या बेलारुसच्या मुलीने जिंकली होती. तिचं नाव अरिना सबालेंका, जी पुढे जगात पहिल्या नंबरवर गेली. राज्य संघटनेचं टेनिस सेंटरही तिकडेच, कूपरेजला. आणि आपण इकडे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला. उपनगरात कोर्ट म्हणजे एक तर क्लबच्या मेंबरशिपच्या आत, नाहीतर टॉवरवाल्या सोसायटीच्या गेटच्या आत. बोरिवलीहून चर्चगेट फास्टने तासभर, तोही रॅकेटची किट बॅग खांद्याला लावून लेडीज सेकंड क्लासमध्ये. ‘‘बॅग वर ठेव गं’’ आणि ‘‘बॅडमिंटन का?’’ ही दोन वाक्यं ऐकल्याशिवाय दादर येत नाही.

तरीही ‘पैसेवाल्यांचा खेळ’ एवढं बोलून विषय संपत नाही. कारण अभ्यास की खेळ हे भांडण काही निसर्गाने लावलेलं नाही. याच मुंबईत लीला राव म्हणून एक खेळाडू होऊन गेल्या. १९३४ साली विंबल्डनमध्ये मॅच जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणजे त्या. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव. त्या स्वतः टेनिस खेळायच्या आणि संस्कृतमध्ये काव्यं लिहायच्या. लीलाबाईंनी पुढे आईच्या कथांवर संस्कृत नाटकं लिहिली. घर सुखवस्तू होतं, मान्य. पण त्या घरात कोणी ‘आधी ग्रंथ संपव, मग रॅकेट धर’ असं सांगितलेलं दिसत नाही. हे जवळजवळ ९० वर्षांपूर्वी. आणि आपण ए.आय.च्या जमान्यात अजून ‘एक वर्ष थांबू या का?’वर अडलेलो आहोत.

आता दुसरं एक नाव. प्रार्थना ठोंबरे. गाव बार्शी, जिल्हा सोलापूर. आपल्या हॉस्टेलवर सोलापूर-लातूरकडच्या मुली पुष्कळ आहेत, त्यांना बार्शी काय आहे ते सांगायला नको. तिथे कोणी टेनिस खेळत असेल असं आपल्या डोक्यातही येत नाही. तिथून निघून प्रार्थना हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत गेली. २०१४ च्या इंचॉन एशियन गेम्समध्ये सानियाबरोबर महिला दुहेरीत ब्राँझ मिळवलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. म्हणजे आज मी आहे तेवढी. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये पुन्हा सानियाबरोबर. तिथे चीनच्या जोडीशी तीन सेटपर्यंत झुंजून पहिल्याच फेरीत हरल्या. आणि देशाने काय विचारलं असेल? बरोबर ओळखलंत. ‘‘सानियाबरोबर ती कोण?’’

सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली होती. पहिल्या नंबरच्या शेजारी उभं राहून ऑलिंपिक खेळायचं म्हणजे काय असतं ते बघा. जिंकलात तर तिच्यामुळे, हरलात तर तुमच्यामुळे. समोरची जोडीही हुशार असते, प्रत्येक महत्त्वाचा बॉल तुमच्याच अंगावर येतो. ग्रुप प्रोजेक्टमध्ये टॉपरबरोबर पडलेल्या कोणालाही विचारा, व्हायवाला एक्स्टर्नल सगळे प्रश्न कोणाला विचारतात!

पण इथे गोष्ट संपली नाही, आणि म्हणूनच मला ती सांगायची आहे. सानिया २०२३ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली. प्रार्थना खेळत राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टवर, बिली जीन किंग कप (म्हणजे पूर्वीचा फेड कप) झाला. शेवटच्या दिवशी दक्षिण कोरियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि सगळं दुहेरीवर आलं. अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे उतरल्या आणि जिंकल्या. भारत प्ले-ऑफसाठी पात्र ठरला, २०२० नंतर पहिल्यांदा. रिओनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, तिशीत, कोणी पोस्टर न छापता, दर सोमवारी पॉइंट्स पुसले जात असताना ती त्या कोर्टवर उभी होती. सामना निर्णायक होता आणि दुहेरीची माणसं लागणार होती, म्हणून उभी होती.

आणि पुण्याची वैष्णवी आडकर बघा. तिने त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत झालेल्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समध्ये महिला एकेरीचं ब्राँझ मिळवलं. युनिव्हर्सिटी गेम्स! म्हणजे ज्यांच्या खिशात कॉलेजचं आय-कार्ड आहे अशांची स्पर्धा. तुमच्या-आमच्यासारखंच आय-कार्ड.

आता एवढं सगळं तुम्हाला का सांगते आहे? कारण गेल्या सेमिस्टरला एक गोष्ट घडली.

आमच्या विंगमध्ये एक सेकंड इयरची मुलगी आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. चांगलं टेनिस खेळते. आठवड्यातून तीन दिवस स्टेशनपलीकडच्या एका कोर्टवर जाते, कारण संध्याकाळी सात ते आठ हा स्लॉट सगळ्यात स्वस्त. रिक्षा मिळून, ट्रॅफिकमधून परत येईपर्यंत गेट बंद व्हायची वेळ झालेली असते. महिन्यातून दोनदा उशीर झाला की रजिस्टरमध्ये लाल शाई आणि घरी फोन. इंटर-कॉलेजिएटच्या दिवशी नेमकी युनिट टेस्ट आली. ती माझ्याकडे आली. ‘‘ताई, री-टेस्ट मिळेल का हो? तुम्ही सी.आर. होतात ना, कोणाशी बोलायचं असतं?’’

आणि मी काय सांगितलं? ‘‘जाऊ दे गं, या वर्षी राहू दे. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं तर टर्मवर्कचे वांधे होतील. पुढच्या वर्षी बघू.’’

रात्री झोपताना लक्षात आलं, हे तर बाबांचं वाक्य! शब्दसुद्धा जवळजवळ तेच. फरक एवढाच की बाबा विचारत होते आणि मी उत्तर देऊन मोकळी झाले. ती टेस्टला बसली. सतरा मार्क मिळाले, वीसपैकी. कोणीही म्हणेल, काय बिघडलं? कागदावर काहीच बिघडलं नाही.

म्हणून सर आणि मॅडम, हे शेवटचं तुम्हाला उद्देशून आहे. आम्ही कोर्ट बांधून मागत नाही. जागा नाही हे आम्हालाही दिसतं, पार्किंगलाच नाही. स्कॉलरशिपही मागत नाही. तीनच गोष्टी, ज्यांना एक रुपया लागत नाही. एक, कॉलेजतर्फे किंवा जिल्हा-राज्यासाठी खेळायला गेलेल्या दिवसांची हजेरी त्या ७५ टक्क्यांत धरा, आणि ते लेखी असू दे, सरांच्या मूडवर नको. दोन, त्या दिवशी टेस्ट असेल तर री-टेस्ट हा हक्क असू दे, मेहेरबानी नको. बदल्यात तुम्हीही अट घाला, के.टी. असेल तर खेळायचं नाही. आम्हाला मान्य आहे. तीन, सरावाला जाणाऱ्या मुलींना गेटचा एक तास जास्त द्या. कोच सही करतील, पालक पत्र देतील. सुरक्षेची काळजी आम्हाला कळते. पण काळजी म्हणजे मुलगी लवकर आत घेणं एवढीच असते का? उशिरा येणारीला स्टेशनपासून नीट परत यायची सोय करणं, हीसुद्धा काळजीच.

यातून कोणी ऋतुजा किंवा प्रार्थना निघेल, असं मी बिलकुल म्हणत नाही. बहुतेक नाहीच निघणार. आपण सगळे शेवटी कुठल्यातरी कंपनीच्या बेंचवर बसून प्रोजेक्टची वाट बघणार आहोत. पण पदक निघालं तरच खेळाला जागा, हा हिशोबच मला चुकीचा वाटतो. त्या हिशोबाने तर कॉलेजातला नंबर दोन ते नंबर साठ यांनाही जागा नाही.

आणि मैत्रिणींनो, मित्रांनो, तुमच्याकडे तर याहूनही कमी मागणं आहे. पुढच्या वेळी कॉमन रूममध्ये डबल्सची मॅच लागली आणि कोणी विचारलं, ‘‘ती दुसरी कोण गं?’’ तर माहीत असेल तर नाव सांगा. माहीत नसेल तर हातात मोबाईल असतोच, बघा आणि सांगा. मी तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते.

जाता जाता, त्या ज्युनियरला मी काल भेटले. या वर्षीच्या इंटर-कॉलेजिएटची तारीख लागली आहे. त्या दिवशी पुन्हा एक टेस्ट आहेच! या वेळी अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. सह्या लागणार आहेत. रूम नंबर सगळ्यांना माहीत आहे, जेवणानंतर या.